मिलिंदचा बॅलन्स

नाहूरला आमच्याच मजल्यावर राहणारा मिलिंद गायकवाड दर रविवारी दुपारी बरणीत मिठाचं पाणी करून त्यात फासे सोडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आवळे घातलेत. म्हटलं, "अरे, थोडी हळद घाल." तर म्हणाला, "ताई, फासे आहेत. दर वेळी एकच आकडा वर आला, तर फासा एका बाजूला जड. बॅलन्स गेला. बाद!"

फाशाला वीस बाजू होत्या. तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

मिलिंद चाळिशीचा. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तयार झालेले पार्ट मोजून पास-नापास करतो. आई भावाकडे जालन्याला, हा इथे एकटा. रविवारी मात्र तो गेम मास्टर असतो. म्हणजे काय, हे माझी मुलगी केतकी मला तीनदा समजावून थकली. मला कळलं ते एवढंच: मिलिंद गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि त्यांचं जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही.

"मग संपतं कधी?"

"संपत नाही गं आई, तीच तर मजा आहे."

एक माणूस कमी पडत होता म्हणून केतकीने मला ओढून नेलं. तिसरे खेळाडू तळमजल्यावरचे राऊतकाका. काका गोष्टीत कोळी झाले होते आणि त्यांच्याकडे जाळं होतं. वाघ आला, टाक जाळं. राक्षस आला, टाक जाळं. एकदा तर राजदरबारात राजावरच टाकलं. मिलिंद अस्वस्थ. "काका, तुमचं जाळं फार पॉवरफुल झालंय. बॅलन्स गेला ना!" त्याने वही काढली आणि नवा नियम लिहिला: जाळं एकदा वापरलं की दोन दिवस वाळत घालायचं.

काका भडकले. "आणि राक्षस दोन दिस थांबतलो काय रे?"

पुढच्या रविवारी मिलिंदला वाटलं, काकांवर अन्याय झाला. मग नियम बदलला. जाळं लगेच वाळेल, पण वास येईल आणि मागे मांजरं लागतील. त्याच्या पुढच्या रविवारी मांजरं फार झाली म्हणून आणखी एक दुरुस्ती. वहीत पानंच्या पानं खाडाखोड. माणूस असा की सोसायटीच्या मीटिंगमध्येही उठून म्हणाला होता, "ज्यांना पार्किंग गेटजवळ मिळालंय, त्यांनी कचऱ्याचे डबे आत आणावेत. नाहीतर बॅलन्स राहत नाही." दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. तेव्हा तो म्हणाला, "दोघंही सारखेच चिडले ना? म्हणजे नियम बरोबर आहे."

मी गोष्टीत वैद्यीण होते. एकदा लढाईत एक दरोडेखोर जखमी होऊन विव्हळायला लागला, मी त्याला मलम लावलं.

"आई, तो शत्रू आहे!"

"अगं, पण लागलंय ना त्याला."

मिलिंदने वही उघडली आणि मलमावर पाऊण पान नियम लिहिले. ते मला आजतागायत कळलेले नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या महिन्यात मिलिंदचा आवाज पूर्ण बसला. डॉक्टरने सांगितलं, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. रविवारी हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन हजर! गोष्ट चिठ्ठ्यांवर लिहून आमच्याकडे सरकवायची. पहिलीच चिठ्ठी काकांनी चष्मा न लावता वाचली. "राक्षस रडता," असं जाहीर करून ते राक्षसाचं सांत्वन करायला गेले. चिठ्ठीत "लढतो" होतं. वाट लागली.

शेवटी केतकी म्हणाली, "आई, आज तू चालव."

"मी? मला नियम कुठे येतात?"

"म्हणून तर. मिलिंददादा, तू आज आमच्यात बस."

मिलिंद उठला आणि टेबलाला वळसा घालून आमच्या बाजूला आला. कुठली खुर्ची घ्यावी, त्याला कळेना. अकरा वर्षं तो हा खेळ चालवतोय, पण या बाजूला कधी बसलेलाच नाही. दुसरं कोणी चालवायला तयार नसायचं म्हणून दर वेळी तोच.

खेळायचं म्हणजे त्यालाही गोष्टीतला एक माणूस हवा. सगळ्या नियमांच्या फटी माहीत असलेला गडी, आम्हाला वाटलं, आता काहीतरी जबरदस्त काढणार. बराच वेळ पेन चावून त्याने चिठ्ठी दिली: "वाटसरू. हत्यार नाही."

मी सुचलं ते बोलले. "तू चालत चालत एका गावात आलास. दारात एक बाई उभी आहे. आता... फासा टाक."

त्याने टाकला. एक आला.

"एक म्हणजे पहिला नंबर ना? झकास! बाई म्हणाली, ये, जेवून घे. पाट मांडला, गरम भाकरी वाढली."

एक हा सगळ्यात वाईट आकडा असतो, हे मला नंतर समजलं. केतकीने सांगायला तोंड उघडलंही होतं. मिलिंदने तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.

"जेवण झालं," मी म्हटलं. "बाईने विचारलं, आता काय करणार?"

मिलिंदने पेन उचललं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्याने प्रत्येकाला विचारला होता. त्याला कोणी विचारला नव्हता.

मग त्याने लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत नव्हतं.

"थोडे दिवस इथेच राहिलो तर चालेल का?"

याला काही नियम आहे का, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "राहा रे."