उके काकांची निळी वायर

उके काकांच्या घरात हवेतून वारा येतो, डास येतात, शेजारच्या घरच्या फोडणीचा वास येतो. इंटरनेट येत नाही. ते फक्त वायरीनं येतं.

"हवेवर आपला भरोसा नाही, बाई," असं ते मला मी तुमसरला त्यांच्या शेजारी राहायला आले त्याच दिवशी म्हणाले. मी नुसतं विचारलं होतं की या गल्लीत वायफाय कोणाचं चांगलं चालतं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे उत्तर चुकलं तरी मान डोलवायची मला सवय आहे. मी मान डोलावली. त्या दिवसापासून काकांनी मला आपल्या पक्षात धरलं.

त्यांच्या बैठकीत इंटरनेटचा डबा आहे. त्यातून एक निळी वायर निघते, बैठकीच्या दारावरून वळते, स्वयंपाकघराच्या भिंतीनं सरळ जाते, तिथल्या चौकटीवर चढते आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जाऊन मिळते. ती काकांनी स्वतः ओढलेली. वीतभर अंतरावर एकेक क्लिप, कुठे झोळ नाही. घर झाडायला काढलं की काकू भांडी घासतात आणि काका ओल्या फडक्यानं वायर पुसतात. डब्यातलं वायफाय त्यांनी बंद करून ठेवलंय. पाहुण्यांनी पासवर्ड मागितला तर म्हणतात, "पासवर्ड नाही आपल्याकडं. चहा घ्या."

काका जवळच्या चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत होते. तरुणपणी जमिनीखाली ड्रिल मशीनवर, पुढे वर इंजिन ड्रायव्हर. म्हणजे माणसांना खाणीत उतरवणारा आणि वर आणणारा पिंजरा ज्या इंजिनावर चालतो, ते इंजिन यांच्या हातात. खाली-वर निरोप घंटीचा. ती पद्धत त्यांनी घरी आणली. स्वयंपाकघरात बटण, मागच्या खोलीत घंटी आणि घंटीसोबत एक लाल दिवा. एक वाजली की चहा, दोन वाजल्या की जेवण, तीन वाजल्या की कोणीतरी आलंय, शर्ट घाला. मी गेले की काकू आधी तीनदा बटण दाबतात आणि मग मला "या" म्हणतात.

गल्लीत मात्र काकांना थोडे घमेंडी समजत. कारण त्यांना विचारावं एक आणि ते सांगणार दुसरंच. "काका, बाजारात जाऊन राहिले का?" असं विचारलं की म्हणायचे, "हाव, कालच पोचली." मागून हाक मारली तर वळून पाहायचे नाहीत. समोर उभं राहिलं की मात्र अगदी तोंडाकडे पाहत ऐकायचे, इतकं निरखून की माझ्या दातात काही अडकलंय का असं मला वाटायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा दूरच्या एका विद्यापीठात पीएचडी करत होती. आपल्या भागातल्या मामा तलावांतले, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांतले मासे, हा तिचा विषय. दर रविवारी कॉम्प्युटरवर ती दिसायची आणि बापलेकीचं बोलणं चालायचं. शेवटी तिच्या तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. परीक्षक वेगवेगळ्या गावचे, म्हणून परीक्षा ऑनलाइन. घरच्यांनाही पाहता येणार होतं. काकांनी त्या दिवसासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला.

नेमकी त्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी काकू फाटकाशी आल्या. "बाई, तुमचा लॅपटॉप घेऊन या ना जरा. प्रज्ञाचे बाबा जेवून नाही राहिले, चहा नाही घेऊन राहिले. नेट गेलं."

मागच्या खोलीत काका पांढऱ्या शर्टात कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी लाल फुली होती.

"वायर लागून नाही म्हन्ते," काका म्हणाले. "लागून आहे. पहा. तोंडावर खोटं बोलून राह्यला हा."

मी माझा मोबाइल पुढे केला. म्हटलं, यावर पाहू, सोपं आहे. काकांनी मोबाइल हातातही घेतला नाही. "त्याच्यावर पोरीचा चेहरा अटकते. तोंड उघडं राहते, तसंच राहते. मले नाही चालत." माझ्या मोबाइलवरून कॉम्प्युटरला नेट देऊ म्हटलं, तर त्यावर एकच शब्द आला. "हवा."

काकूंनी नागपूरच्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "मोठी आई, कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, तो प्रोग्राम, खराब झाला असन. त्याले काढून टाका अन नवा टाका." काकूंनी काकांच्या समोर जाऊन सांगितलं, "डायवर खराब झाला म्हन्ते. काढून टाका म्हन्ते."

निम्मी नोकरी इंजिन ड्रायव्हर म्हणून केलेल्या माणसानं चष्मा काढून पुसला.

"डायवर खराब असू शकते, मी नाही नाही म्हनत," ते म्हणाले. "पन आधी पिंजऱ्याची रस्सी पाहाची. डायवरचं नाव मंग घ्याचं."

आणि तपास सुरू झाला. कॉम्प्युटरच्या मागे वायर जिथे शिरते तिथे एक बारीक दिवा असतो, तो विझलेला होता. काकांनी वायर काढली, फुंकली, टकदिशी बसेपर्यंत पुन्हा दाबली. दिवा विझलेलाच. मग तीच वायर माझ्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपही म्हणाला, वायर लागलेली नाही.

"म्हंजे कॉम्प्युटर बेकसूर," काका म्हणाले आणि कॉम्प्युटरच्या पाठीवर हात फिरवला.

आम्ही बैठकीत आलो. काकांनी निळी वायर डब्याच्या एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. काही नाही. मग त्यांच्या पेटीतली एक हातभर वायर घेऊन माझा लॅपटॉप डब्याला जवळूनच जोडला. लगेच नेट आलं.

"डबाही बेकसूर." मी म्हटलं, मग माझ्याच लॅपटॉपवर पाहू, तर काका म्हणाले, "एवढुशा पडद्यावर पोरीचं तोंड नीट दिसत नाही."

आता उरलं कोण, हे तिघांनाही कळलं होतं. आम्ही वर, निळ्या वायरीकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती त्यांच्या हातची होती.

त्यांनी स्टूल घेतलं आणि डब्यापासून निघाले. वायरीवर अंगठा ठेवून, क्लिपमागून क्लिप तपासत. मी स्टूल सरकवत होते, काकू मागून "सांभाळून जी" म्हणत होत्या. बैठकीचं दार झालं, स्वयंपाकघराची भिंत झाली. आतल्या चौकटीवर अंगठा थांबला. तिथे झेंडूचं ताजं तोरण होतं. लेकीचा मोठा दिवस म्हणून काकूंनी पहाटे उठून ओवलं होतं आणि नव्या खिळ्यांवर टांगलं होतं. मधला खिळा वायरीच्या पोटातून आरपार गेला होता.

काकूंनी तोंडाला पदर लावला. "मले वाटलं, खिळा भिंतीत गेला."

आता काय होणार म्हणून मी स्टूल घट्ट धरलं. काकांनी खिळा उपसला, उजेडात फिरवून पाहिला, मग तोरणाकडे पाहिलं.

"बराबर मधात लावला," ते म्हणाले. "नेम चांगला आहे तुमचा."

परीक्षा सुरू व्हायला थोडाच वेळ होता. काकांनी पेटी उघडली, खराब जागेच्या अलीकडे वायर कापली. आत केसासारख्या आठ रंगीत तारा. त्या ठरलेल्या क्रमानंच लावाव्या लागतात. काका क्रम पुटपुटत होते, "पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा..." आणि काकू त्यांचा चष्मा नाकावर सरळ धरून होत्या. पहिल्या खेपेला दोन तारा उलट बसल्या. काकांनी टोक छाटून टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. कपाळावरून घाम ओघळत होता. पक्कड दाबली, तारांच्या टोकावर प्लॅस्टिकचं टोपण बसलं.

पण वायर आता मागच्या खोलीपर्यंत पुरेना. स्वयंपाकघराच्या चौकटीशीच संपत होती. मी म्हटलं, बाजारातून नवी आणू का, तर काकूंनी घड्याळ दाखवलं. काका उठले.

"वायर कॉम्प्युटरपर्यंत येत नाही, त कॉम्प्युटर वायरीपर्यंत येईन."

आम्ही तिघांनी टेबल उचललं. स्वयंपाकघराच्या दारात ते अडकलं, तिथेच ठेवलं. पुढचे पाय स्वयंपाकघरात, मागचे बाहेर, शेजारी शेगडीवर वरण. काकांनी वायर खोचली. बारीक दिवा हिरवा झाला. आम्ही हसलो, आणि पडद्यावर पिवळा त्रिकोण आला. वायर आहे, इंटरनेट नाही.

"डबा एकदा बंद करून पाहू, काका," मी त्यांच्यासमोर येऊन म्हटलं. "सकाळपासून आपण त्याच्या वायरींची काढघाल करतोय."

काका बैठकीत गेले. बटण बंद केलं आणि त्यावर हात ठेवूनच उभे राहिले, पाय फाकवून, मान ताठ. खाणीवर ते असेच उभे राहत असतील. मग चालू केलं. डब्यावरचे दिवे एकामागून एक लागले. इकडे त्रिकोण थरथरला आणि गेला.

काकूंनी घंटीचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. चहा नाही, जेवण नाही, पाहुणे नाहीत, नुसती घंटी वाजत राहिली. मागच्या खोलीतला लाल दिवा दोन्ही दारांतून बैठकीपर्यंत दिसतो, तो पाहून काका धावतच आले. पडद्यावर प्रज्ञा होती. फिकी निळी साडी, केस बांधलेले, चेहरा इतका साफ की कानातल्या कुडीचे मोतीसुद्धा मोजावेत. काका पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले.

परीक्षा सुरू झाली. काका आम्हाला सांगू लागले. "आता तलाव सांगून राह्यली. आता मासे. हा मोठा साहेब विचारून राह्यला, मासे कमी काहून झाले म्हून. सांगते पहा आता." प्रज्ञा दर रविवारी याच भाषणाची तालीम त्यांच्यासमोर करायची, ती त्यांनी इतक्या वेळा पाहिली होती की तिच्या एक वाक्य पुढेच ते असायचे.

मला एकदम जाणवलं की मला काहीच ऐकू येत नाहीये. स्पीकर मागच्या खोलीत राहिले होते. टेबल उचलताना आम्ही त्यांची वायर काढली होती, ती लावायलाच विसरलो. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरून मला शेगडीकडे ओढलं.

"राहू द्या, बाई. त्याईले कळून राह्यलं."

"पण आवाज..."

"त्याईले आवाज कुठं येते," काकू वरण ढवळत म्हणाल्या. "ड्रिल मशीननं कान गेले. आधी थोडे, रिटायर झाल्यावर सगळेच. कोनाले सांगत नाहीत. ओठ पाहून समजून घेते मानूस. मोबाइलवर चेहरा अटकला की लेकीचं बोलनं तुटते मंग."

मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. बाहेरच्या जगाचं निम्मं बोलणं या माणसाच्या पाठीमागे सांडत होतं, आणि आम्ही गल्लीत त्याला घमेंडी म्हणत होतो.

पडद्यावरचे साहेब हसले. एकेक करत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आवाज नसलेल्या. काकांना ते आमच्या आधी कळलं. "झाली," ते म्हणाले. "डॉक्टर झाली." काकूंनी डाव शेगडीवरच सोडला आणि त्यांच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

मग एकेक चौकोन विझत गेला. शेवटी प्रज्ञा एकटी राहिली. ती कॅमेऱ्याजवळ आली आणि हळूहळू, प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडून, काहीतरी बोलली. काकांनी मान हलवली आणि डोळे पुसले.

मी वळसा घालून त्यांच्यासमोर गेले. सावकाश विचारलं, "काय म्हणाली, काका?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. या वेळी उत्तर अगदी प्रश्नाचंच आलं.

"विचारते, 'बाबा, जेवले का?'" ते म्हणाले. "एवढी डॉक्टर झाली, पन तेच विचारते."

आणि काकूंनी समोर ठेवलेलं ताट त्यांनी पडद्यासमोर उचलून लेकीला दाखवलं.