परबांच्या मशीनची आंघोळ

आमच्या शांती नगरच्या बिल्डिंगमध्ये परबांकडे कॉफी प्यायला गेलात तर एक अट आहे. कप खाली ठेवून लगेच उठायचं नाही. मशीन धुऊन-पुसून होईपर्यंत बसायचं. एकदा सोसायटीचा सेक्रेटरी कॉफी संपवून चपला घालायला लागला, तर परब दारात आडवे. "लग्नात जेवून पळतात तसे पळता का? बसा." सगळी कमिटी खाली वाट बघत होती. सेक्रेटरी बसला.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म गोदामात पेट्या उचलण्यात गेला. शब्दांची नक्षी मला येत नाही, पण परबांना ती लागतही नाही. आमच्या समोरच्याच दारात राहतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "राहून गेलं," म्हणतात, गिरणीतून दळण आणायचं राहून गेल्यासारखं.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः चहा पिणारा. कॉफीची मशीन मिळाली ती सोसायटीच्या गणपतीत, लकी ड्रॉमध्ये. तिकीट आमच्या हिनेच गळ्यात मारलेलं. "घ्या हो भावोजी, नंबर कुठे लागतोय!" लागला. खोका बघून परब घाबरले.

"वहिनी, हिला आता सांभाळायची कोणी?"

"तुम्हीच. पण पहिली कॉफी मला."

पहिली कॉफी हिनेच प्यायली. वर दुधाचा फेस, ओठावर पांढरी मिशी, आणि आपल्याच मिशीला हसत बसली. आम्ही खेडची माणसं, कॉफी सर्दी झाली तरच. पण हिला चटक लागली. मग रोज सकाळी आम्ही दोघं परबांकडे.

मशीन एवढी वर्षं टिकली ती परबांमुळे. आमच्याकडे टँकरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो. ते पाणी मशीनजवळ नेलंत तर परब हात मोडतील. गाळलेलंच पाणी. तरी अधूनमधून लिंबूफुलाचं पाणी फिरवून तिचं पोट साफ करायचं, वर साधं पाणी, परत साधं पाणी. दूध फेसाळलं की वाफेची नळी तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसायची. "दूध वाळलं की नळी चोंदली. पोराला तोंड न धुता झोपवता का?" कॉफी गळते त्या जाळीला दात घासायचा ब्रश. झोपायच्या आधी टाकी रिकामी आणि पूड भरायचा दांडा सैल, कारण दांडा आवळलेला राहिला की आतलं रबर चेपतं. "पट्टा आवळून झोपतं का कुणी, शिगवण?" मला विचारायचे, जसा काही मीच आवळला.

पुढे ही अंथरुणाला खिळली. तेव्हा परब कपावर बशी झाकून कॉफी आमच्या घरी आणायचे. मग ही गेली, आणि मी त्यांच्याकडे जायचं बंद केलं. लोक येऊन "सावरा, सावरा" करायचे. माझ्या तोंडात शिव्या यायच्या. परब असलं काही बोलले नाहीत. तेराव्यानंतर एक दिवस बेल वाजवली. "चला. मशीन तापलीय." तापलेल्या मशीनला ताटकळत ठेवायचं नाही, हाही त्यांचाच कायदा.

तेव्हापासून मशीनची आंघोळ लांबत चालली. ट्रे परत परत पुसायचा. जाळी उजेडात धरून एकेक भोक बघायचं. मी चिडायचो. "अहो, नवरी हाय का ही?" ते पुसतच राहायचे. मीही बसून राहायचो. उठून जायचं कुठे? घरात चार भिंती आणि हिचा फोटो. दिवसातली तेवढीच वेळ मला घर खायला उठत नसे.

परवा मशीन घरघरली आणि गप्प झाली. मेकॅनिक आला, उघडून बघितली आणि चाट पडला.

"अंकल, इतनी साफ मशीन मैंने कभी देखी नहीं."

"तो चलती क्यों नहीं?" परब खेकसले.

"पंप गया. पार्ट अब मिलता नहीं. उमर हो गई, अंकल."

मी उठून घरी आलो. संपलं, उद्यापासून सकाळी कुठे जायचं, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी दार लावून बसलो होतो. बेल वाजली. परब. खांद्यावर ओलं फडकं.

"चला, मशीन धुवायचीय."

माझं डोकं फिरलं. "परब, येड लागलंय का? मेली ती! मेलेली मशीन कशाला धुता?"

ते अजिबात चिडले नाहीत. "शेवटी शेवटी वहिनी तुम्हाला ओळखतही नव्हत्या. तरी तुम्ही रोज तेल लावून त्यांची वेणी घालायचात. मी कप घेऊन दारात उभा असायचो. कशाला, म्हणून विचारलं का मी कधी?"

मी त्यांच्या मागून गेलो.

त्यांनी जाळी घासली. ट्रे माझ्याकडे दिला; इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला तिला हात लावू दिला. दांडा मीच सैल केला. मग परबांनी टोपात चहा टाकला आणि कप माझ्यापुढे ठेवला. चहा कसला, नुसता पाक. मी तोंडावर सांगितलं तसं.

"बरं, उद्या साखर कमी घालतो," परब म्हणाले, आणि फडकं वाळत टाकायला गॅलरीत गेले.