म्हस कुठी गेली?

खुशबू निजत नव्हती. दुपारच्या उन्हात ऊर्जानगरच्या क्वार्टरांची अख्खी रांग पेंगत होती. नाइट ड्यूटी करून आलेला राजदीप आतल्या खोलीत घोरत होता. मागच्या भिंतीवरचं मांजरसुद्धा चारी पाय सोडून पडलं होतं. जागी होती ती एकटी खुशबू, आणि ती जागी म्हणून तिची आई, रश्मी. एका मांडीवर लेक, दुसरीवर लॅपटॉप, एक डोळा खिडकीकडे. क्वार्टरामागच्या झुडपात बिबट दिसलं असं कोणीतरी मागे म्हणालं होतं, तेव्हापासून खिडकीची कडी लावली आहे ना, हे ती सारखं बघायची.

लॅपटॉपवर नोकरी होती. अहेरीच्या कय्यूमभाईंचा बांबूच्या सामानाचा कारखाना होता आणि त्यांना बोलायची हौस होती. त्यातून 'बांबूची बात' नावाचा पॉडकास्ट निघाला. कोणी गूगलवर काही शोधलं, तर त्या पॉडकास्टची पानं वर दिसावीत, एवढं रश्मीचं काम. पण पानं दिसत नव्हती. आजवर तिथे रश्मी आली होती, कय्यूमभाई आले होते आणि बांबूच्या कोंबांची भाजी शोधत वाट चुकलेली एक बाई आली होती. कय्यूमभाईंचा मुलगा सरफराज आता कंटाळला होता. "दिवाळीपर्यंत पान वर दिसलं तर ठीक, नाई तर बात बंद," असं त्यानं सांगून टाकलं होतं. बात बंद म्हणजे नोकरी बंद. लेकरू मांडीवर घेऊन करता येईल अशी दुसरी नोकरी साऱ्या चंद्रपुरात रश्मीला सापडली नव्हती.

दोष तिचा नव्हता, असं तिचं मन म्हणायचं. कय्यूमभाई एक शब्द बोलले की दुसरा आणायला जणू जंगलात जायचे. "बांबू... म्हणजे... कसं आहे बेटा... एक गवत." मग शांतता. मग दूर कुठेतरी पाखरू. मग, "पण... गवत... म्हणजे... तसं गवत नाई." खरं सांगायचं तर रश्मीनं एकही भाग शेवटपर्यंत ऐकला नव्हता. सुरुवात ऐकून ती वर्णन लिहायची: 'वेणुशिल्प: एक सांस्कृतिक चिंतन'. एमएच्या पदवीला शोभेल असं. तसं काही शोधणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचा होता.

त्या दुपारीही ती तेच करत होती. हात अडकलेले, म्हणून बोललेलं आपोआप टाइप होईल असं बटण लावलं होतं. शोधात पानाच्या नावाखाली दोन ओळी दिसतात, त्यांचा चौकोन समोर होता. पानावर त्या ओळी दिसत नाहीत, शोधणाऱ्यालाच दिसतात. तिनं तोंड उघडलं आणि खुशबूनं भोकाड पसरलं.

"लेकरू निजत काऊन नाई वो माय?" रश्मी काकुळतीनं म्हणाली. "थांब, तुले कय्यूमभाईची बात लावून देते. त्यायचा आवाज ऐकला का म्हसबी उभ्या उभ्या निजते."

तिनं मोबाइलवर बात लावली. बांबू... म्हणजे... खुशबूच्या पापण्या जड झाल्या. पंखा हळू फिरू लागला, की तसं वाटू लागलं. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत सरकत बांबूच्या बनात शिरला, तिथे एक म्हैस डोळे मिटून उभी होती, आणि मग रश्मीला काहीच दिसेना.

जाग आली तेव्हा खुशबू मांडीवर गाढ झोपली होती आणि तिचा तळहात बरोबर कीबोर्डवर पडला होता. पान प्रसिद्ध झालं होतं. रश्मीनं आधी लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासला, मग पान तपासलं. नाव ठीक, फोटो ठीक. आपलं वर्णन राहूनच गेलं, असं समजून ती उद्यावर टाकून उठली.

दोनेक दिवसांनी शेजारच्या गुलाबबाई मोबाइल पुढे धरून आल्या.

"काऊन वो रश्मी, तुह्या कंपनीत बांबू इकते का म्हशी निजवते?"

"काय झालं बाई?"

"माह्या सुनेनं गूगलवर टाकलं, 'लेकरू निजत काऊन नाई'. पह्यलंच तुह्या कय्यूमभाईचं नाव! नातू निजला ना वो! सूनबी निजली. भाजी करपली."

रश्मीनं मोबाइल हातात घेऊन पाहिलं. नावाखाली ठळक दोन ओळी: त्या दुपारी ती खुशबूला जे बोलली तेच टाइप झालेलं, म्हशीसकट. आता तिला कळलं. मोठ्या शहरातल्या साऱ्या शहाण्यांनी 'बाळ का झोपत नाही' असं लिहिलं होतं. 'काऊन' कोणी लिहिलंच नव्हतं. आणि इकडच्या आया डोळ्यांत झोप घेऊन टाइप करताना बोलतात तसंच टाइप करतात.

तिनं ओळी लगेच पुसल्या. पण शोधात त्या तशाच. नवं दिसायला वेळ लागतो, हे तिलाच तर ठाऊक होतं. तिनं राजदीपला उठवलं.

"पुसलं ना मंग? काऊन घाबरून राह्यली?" तो डोळे न उघडताच म्हणाला.

"कय्यूमभाईनं वाचलं त?"

"म्हस वाचते का त्यायच्या घरची?" म्हणून त्यानं कूस बदलली.

इकडे ऐकणारे वाढत गेले. सरफराजचा आनंदाचा निरोप आला. मग कय्यूमभाईंचा फोन.

"रश्मी बेटा... लोक... ऐकून राह्यले!"

"हो भाई."

"गूगलवर... कसं दिसते... म्या पाह्यतो."

"नका पाहू भाई!" ती ओरडलीच. "म्हंजे, तिकडं रेंज नसते ना. मीच सांगते, चांगलं दिसते."

"बरं," कय्यूमभाई म्हणाले, आणि पुढचा शब्द आणायला गेले. तो येण्याआधी रश्मीनं फोन ठेवला. त्यानंतर फोन वाजला की ती आधी नाव बघायची, आणि स्वप्नात एक म्हैस सावकाश अहेरीच्या रस्त्याला लागायची. गळ्यात रश्मीच्या नावाची पाटी.

अखेर एका सकाळी त्या ओळी शोधातूनही गेल्या. रश्मीनं सुटकेचा श्वास सोडला आणि चहा ठेवला. पण चहा उतू जायच्या आत तिला दिसलं की पानही गेलं होतं. पहिल्या जागी नाही, त्याखाली नाही, कुठेच नाही. ऐकणारे ओसरले. दिवाळी दारात आली होती.

फोन वाजला. कय्यूमभाई.

"बेटा... म्हस कुठी गेली?"

"कोणती म्हस, भाई?"

"उभ्या उभ्या... निजणारी. म्या पह्यल्याच दिवशी पाह्यली. घरवालीनं, साबिरानं दाखवली."

"भाई, माफ करा. चुकून झालं. मी खुशबूले म्हणत होती..."

"माफी कायची?" कय्यूमभाई पहिल्यांदाच भरभर बोलले. "साबिरा लग्नापासून हेच म्हणून राह्यली! फुकट बदनाम होतो, आता नाव झालं. लेकरं निजून राह्यले ना? मंग म्हस वापस टाक. आन हर भागाले टाक. पण एक काम कर... शेवटपर्यंत ऐकून लिव्ह."

इथेच रश्मी अडकली. त्या दुपारी तिनं तोंडावर पाणी मारलं, खुशबूला पाळण्यात ठेवलं आणि उभं राहून ऐकायला घेतलं. बसली तर संपलं, हे तिला माहीत होतं. बांबू... म्हणजे... एक गवत. खुशबू निजली. आतला राजदीप आणखी खोल निजला. रश्मी खोलीत फेऱ्या मारत राहिली, स्वतःला चिमटे घेत राहिली. बांबूच्या बनात वारा शिरला, थांबला. शब्दांमधली शांतता लांबत गेली. मग एक आवाज आला. संथ, एका तालात चाललेला. तिनं आत डोकावून पाहिलं, तो राजदीपचा नव्हता. आवाज मोबाइलातून येत होता.

कय्यूमभाई घोरत होते.

बराच वेळ घोरले. मग पावलं वाजली आणि साबिराबाईंचा आवाज आला, "अजी, उठा ना! मशीन सुरू हाय!" आणि भाग संपला.

रश्मीनं दुसरा भाग पुढे सरकवून शेवट ऐकला. तिसऱ्याचाही. सगळीकडे तेच. इतके दिवस हे कोणालाच कळलं नव्हतं, कारण तिथपर्यंत कोणी जागंच नव्हतं.

ती हसली, पाळण्यावरची चादर सारखी केली, खिडकीची कडी पाहिली. मग चौकोनात हलक्या हातानं लिहिलं: 'लेकरू निजत काऊन नाई? ही बात लावा. ऐकून म्हस निजते. सांगणाराबी निजते.'

या वेळी बटण तिनं स्वतः दाबलं, आणि जांभई देत खाली बसली.