जऊळक्याचं आंतरराष्ट्रीय उपोषण

निवेदन लिहावं तर दौलतरावांनी! हे मत साऱ्या जऊळक्याचं होतं की नाही ते सांगता येत नाही, पण दौलतरावांचं नक्की होतं. माणसानं एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेली. लोकांची निवेदनं घ्यायची, शिक्का मारायचा आणि कपाटात झोपवायची, यातच केस पिकले. त्यामुळे निवेदन कशानं झोपतं आणि कशानं उठून बसतं, हे आपल्याइतकं वाशिम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं ते चहा पिता पिता सांगत. चहा दिवसातून सहा वेळा होई. बिनसाखरेचा, कारण शुगर!

त्यांची पुतणी पौर्णिमा विहाराच्या सभागृहात अभ्यासिका चालवायची. पस्तीस पोरंपोरी, तीन पंखे, त्यातले फिरणारे दोन, आणि एक जुनं झेरॉक्स मशीन. स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक एकच विकत यायचं आणि त्याचे धडे झेरॉक्स होऊन पस्तीस हातांत जायचे. गेल्या वर्षी दोघी पोलिसात लागल्या, एकजण तलाठी झाला. पौर्णिमाला स्वतःला यंदा शेवटची संधी होती.

त्या दिवशी ती काकांकडे आली तीच मोबाईल पुढे करत.

"मोठेबाबा, हे वाचा. बऱ्याच देशांचा मिळून एक करार होऊन राह्यला. पुस्तकाची, गाण्याची नक्कल केली तं कारवाई. झेरॉक्स मशीन बी जप्त होईन म्हनते!"

"मसुदा कुठं हाये?" दौलतरावांनी चष्मा लावला.

"तेच तं! मसुदा कोनालेच दाखवून नाई राह्यले. बंद खोलीत बसून ठरवून राह्यले सारे. खासदारायनं संसदेत एक प्रश्न विचारला पाह्यजे, का बाप्पा, तो कागद आमाले दाखवा. बस, एवढंच चार ओळीत लिहून द्या."

"चार ओळीत?" दौलतरावांना शिवी दिल्यासारखं झालं. "चार ओळीत काय निवेदन असते? तू जाय, मी पाह्यतो!"

त्यांनी पाहिलं. चार ओळींची अडीच पानं झाली. विषय आला, संदर्भ आला, 'उपरोक्त विषयान्वये' आलं. खरं सांगायचं तर मधला मजकूर त्यांनी फार जीव ओतून लिहिला, कारण त्या पोरांवर त्यांचा जीव होता. शेवटी प्रतिलिपी: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तहसीलदार, ठाणेदार आणि वीज कंपनी.

"वीज कंपनी कायले?" पौर्णिमानं विचारलं.

"झेरॉक्स मशीन कायच्यावर चालते?"

पौर्णिमानं ती अडीच पानं झेरॉक्सला नेली.

गुरुवारी खासदार साहेब शेजारच्या किन्हीराजात सभामंडपाच्या लोकार्पणाला आले. दौलतराव, पौर्णिमा आणि अभ्यासिकेची सहा पोरं गर्दीत घुसली. साहेबांनी निवेदन घेतलं, एका हातानं निवेदन आणि दुसऱ्यानं दौलतरावांचा खांदा धरून फोटो काढला आणि म्हणाले, "थांब्याचं ना? पाठपुरावा चालू आहे!"

"सायेब, थांबा नाई, आंतरराष्ट्रीय..." पौर्णिमा बोलेपर्यंत साहेब गाडीत आणि निवेदन पीएच्या पिशवीत गेलं होतं.

शनिवारच्या पेपरात फोटो आला. खाली ओळ होती: 'जऊळका येथे रेल्वे थांबण्यासाठी नागरिकांचे साकडे.' जऊळक्यातून आजवर जितकी निवेदनं गेली ती रेल्वेची. बातमीदारानं वाचायचे कष्ट कशाला घ्यावे? दौलतरावांनी तरीही ते कात्रण जपून ठेवलं, कारण त्यांचा अर्धा चेहरा स्पष्ट आला होता.

रविवारी सकाळी दौलतराव पोह्याच्या बशीवर बसले होते, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. ठाण्यातला शिपाई हेमसिंग आत आला आणि त्यानं कागद पुढे केला.

"काका, सही करा. नोटीस हाये. उपोषणाले बसू नोका."

"कोन बसून राह्यलं उपोषणाले?"

"तुमी!"

"मी?" दौलतरावांच्या चमच्यातले पोहे बशीत पडले. "मी काहून बसतो बाप्पा?"

हेमसिंगनं खिशातून निवेदनाची प्रत काढली आणि शेवटचा परिच्छेद पोलिसी आवाजात वाचला. "'सदर मागणी मान्य न झाल्यास येत्या सोमवारपासून खाली सही करणारे आमरण उपोषणास बसतील व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.' खाली सही तुमचीच हाये ना?"

तो परिच्छेद दौलतरावांनी लिहिला नव्हता, तो त्यांच्या हातानं लिहिला होता! निवृत्तीनंतर त्यांनी गावासाठी जेवढी निवेदनं लिहिली, त्या प्रत्येकाच्या शेवटी हाच मजकूर असे. फरक एवढाच, की दरवेळी सही करणारा दुसराच कुणीतरी असे. तो उपाशी बसे आणि दौलतराव घरी जेवून त्याला धीर द्यायला जात.

"उपोषन?" दौलतरावांच्या बायको वच्छलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आवो, जेवाले दहा मिन्टं उशीर झाला तं तुमी सारं घर डोक्यावर घेता! तुमी बसान उपोषनाले?"

"चूक झाली म्हनून लिहून देतो," दौलतराव घाईघाईनं म्हणाले. "हेमसिंग, पेन दे!"

पण पौर्णिमा हेमसिंगकडेच पाहत होती. "दादा, तुमी हे पूर्न वाचलं?"

"तीनदा वाचलं ताई! ठानेदार सायबानं वाचलं, तहसीलदार सायबानं वाचलं. शेवटी उपोषन असलं का आमाले पयल्या ओळीपासून वाचाच लागते." हेमसिंगनं आवाज खाली आणला. "एक सांगा, माह्या पोरीनं नर्सिंगच्या पुस्तकाचे झेरॉक्स काढले हायेत. ते बी जमा करा लागतीन काय?"

पौर्णिमाचे डोळे चमकले. खासदारानं वाचलं नाही, पेपरवाल्यानं वाचलं नाही. वाचलं ते फक्त या शेवटच्या परिच्छेदामुळे!

"मोठेबाबा," ती म्हणाली, "तुमी बसा!"

दौलतरावांनी बायकोकडे आशेनं पाहिलं. वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "पोरायसाठी हाये ना? तं बसा. म्या तुमच्या गोळ्याचं डॉक्टरले इचारते. दुपारपर्यंत तुमी, मंग मी बसते. पन चक्कर आली तं तिथंच तोंडात भाकर कोंबीन!"

सोमवारी स्टेशनच्या रस्त्यावर मंडप पडला. मंडपवाल्या खेमाकडे लग्नसराईमुळे दुसरं काही नव्हतं, म्हणून कमानीवर 'शुभविवाह' तसंच राहिलं आणि त्याखाली पोरांनी फलक लावला: 'गुप्त करार दाखवा!' येणारेजाणारे आधी अक्षता शोधत आणि मग चौकशी करत.

दहा वाजता तांड्यावरचे लखीराम आले. त्यांनी फलक वाचला, मंडप पाहिला, गादी दाबून पाहिली.

"दौलतराव, आमची लाईटची डीपी जळून महिना झाला. मंडप हायेच तं आमची डीपी बी टाका ना त्याच्यात!" असं म्हणून ते शेजारी बसलेसुद्धा. दौलतरावांना नाही म्हणता आलं नाही, कारण बोलायला ताकद लागते आणि ती सकाळच्या चहाबरोबर बंद झाली होती. समोरच्या हॉटेलात कचोरी तळत होती. त्या वासानं माणूस कोणताही करार मान्य करील अशी अवस्था!

अकरा वाजता नायब तहसीलदार आले. सोबत शिपाई, आणि शिपायाच्या हातात लिंबूपाण्याचा जग. उपोषण म्हटलं की लेखी आश्वासन आणि लिंबूपाणी, हा रिवाज सगळ्यांना पाठ!

आधी डीपी निघाली. नायब तहसीलदारांनी फोन फिरवला, दोन दिवसांत नवीन डीपी बसवण्याचं लिहून आलं. लखीराम गटागटा लिंबूपाणी प्यायले आणि वर म्हणाले, "अजून एक मिळते काय?" दौलतराव त्या पेल्याकडे पाहत राहिले.

"आता तुमचा विषय." नायब तहसीलदारांनी घाम पुसला. "काका, हा विषय आमच्या कोणत्याच टेबलाला नाही हो! पण उपोषण तालुक्यात आहे, म्हणजे सोडवायचं मलाच." त्यांनी थोडा विचार केला आणि लिहून वाचून दाखवलं: "'सदर आंतरराष्ट्रीय करार या तालुक्याच्या हद्दीत अंमलात येणार नाही याची दक्षता घेण्यात येईल.' बरोबर?"

काय वाक्य होतं! कुठे धरायला जागा नाही, कुठे सोडायला जागा नाही. दौलतरावांमधला कारकून भरून पावला. त्यांचा हात आपोआप जगाकडे गेला.

पौर्णिमानं तो मधेच पकडला. "मोठेबाबा! करार तालुक्यात नाई, दिल्लीत होऊन राह्यला! खासदार सायबाचं लेखी पाह्यजे!"

"पोरी," दौलतराव काकुळतीला आले, "एक घोट?"

"नाई!"

नायब तहसीलदारांनी निमूटपणे खासदारांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"थांब्याचं म्हणालो ना पाठपुरावा..." पलीकडून आवाज आला.

"साहेब, थांबा नाई!" पौर्णिमा फोनकडे झुकली. या वेळी तिनं एका दमात सांगितलं. "मी पौर्णिमा, अभ्यासिका चालवते. आमी गरिबाचे लेकरं एका पुस्तकावर पस्तीस जन शिकून राह्यलो. उद्या आमच्यावर जो कायदा लागनार हाये, त्याचा कागद आमाले आज दाखवा. चोराले बी कलम सांगते ना साहेब, मंग आमाले काहून नाई?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई, खरं सांगू का?" साहेबांचा आवाज बदललेला होता. "तो कागद मलेबी कोणी दाखवला नाही."

"मंग इचारा ना!"

"विचारतो. लेखी देतो. काकाले आधी पाणी पाजा. आणि ते निवेदन पुन्हा पाठवा, पिशवीत सापडत नाही."

दहाव्या मिनिटाला मोबाईलवर सहीचं पत्र आलं. दौलतरावांनी एकामागून एक चार पेले रिचवले, बिनसाखरेचे. वच्छलाबाईंनी घरूनच भाकरी आणली होती.

तीन आठवड्यांनी अख्खी अभ्यासिका एका मोबाईलभोवती गोळा झाली. संसदेचं कामकाज चालू होतं. वच्छलाबाई पेढे घेऊन आल्या होत्या, हेमसिंग गणवेशातच मागे उभा होता. खासदार साहेब उठले, चष्मा लावला आणि बोलायला लागले.

पौर्णिमानं काकांचा हात घट्ट धरला. साहेब काय बोलत होते! पस्तीस लेकरांच्या हातातलं एक पुस्तक, न दाखवलेला कागद, सारं सारं त्यात होतं. समोरून मंत्र्यांचं उत्तर आलं: मसुदा अंतिम होण्याआधी सभागृहापुढे ठेवला जाईल.

आणि एकच गलका झाला! पोरांनी बाकं वाजवली, हेमसिंगनं टोपी उडवली. पौर्णिमा रडत होती, हसतही होती. एवढ्यात दौलतराव खुर्चीवरून ताडकन उठले. चेहरा लालबुंद!

"पकडा त्याले!" ते ओरडले. "अक्षर न् अक्षर माह्या निवेदनातलं होतं! सारंच्या सारं उचललं! एकदा तरी नाव घेतलं काय त्यानं माह्यं? नक्कल हाये ही, सरळ सरळ नक्कल! हेमसिंग, लिहून घे, कारवाई झालीच पाह्यजे!"

बाकं वाजायची थांबली. पस्तीस माना दौलतरावांकडे वळल्या. वच्छलाबाईंनी पेढ्याचा डबा शांतपणे खाली ठेवला.

"पौर्णिमा," त्या म्हणाल्या, "त्या करारवाल्यायले कळव. जऊळक्यातून एक सही पक्की हाये म्हनावं."