काडेपेटीतली मिशी

मिशीकाकांनी स्वतःची मिशी उतरवली ती सकाळी साडेआठला, आणि तेव्हा तरी त्यात काही वावगं नव्हतं. सहा वर्षांच्या नातीचा पुढचा दात आदल्या संध्याकाळी पडला होता. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून बसली होती. जेवली हाताआडून, रडलीही हाताआडूनच.

"शाळेत सगळे हसतील मला," ती हाताआडून म्हणाली.

"बरं, मग आपण दोघं मिळून विचित्र दिसू," आजोबा म्हणाले. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं सलून होतं. ते आरशासमोर बसले आणि तीस वर्षं जपलेली, दोन्ही टोकांना वर वळलेली मिशी त्यांनी पाच मिनिटांत साफ केली.

नात बघतच राहिली. मग तिने खाली पडलेले केस एकेक करून वेचले आणि चिकटपट्टीच्या तुकड्यावर नीट लावले. आजोबांनी कंगव्याने त्यांना पूर्वीचं वळण देऊन दिलं. मिशी पडलेल्या दाताशेजारी काडेपेटीत गेली. हात मात्र तोंडावरून हलला नाही.

मिशी गेल्यावर काकांना आठवलं, की आज बँकेत जायचंय.

गावातल्या मोठ्या हॉटेलातलं सलून बंद होत होतं आणि तिथली खुर्ची विकायची होती. लाल चामड्याची, पायाने दांडी दाबली की वर जाणारी, मागे कलणारी. काकांची स्वतःची खुर्ची लाकडी होती. तिच्या एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी होती आणि घडी सरकली की गिऱ्हाईकाचे कल्ले वरखाली व्हायचे. हॉटेलवाल्याने सांगून ठेवलं होतं, "तीनपर्यंत पैसे आणा काका. नाहीतर तुमच्या समोरचा सलूनवाला टपूनच बसलाय."

शाळेला दांडी मारलेल्या नातीचं बोट धरून काका दीड वाजता बँकेत पोचले. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना एका छोट्या कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

"नवीन नियम आहे काका. मोठी रक्कम काढायची तर चेहरा खात्यावरच्या फोटोशी जुळायला हवा."

काका ताठ उभे राहिले. यंत्रावर लाल दिवा लागला. ग्राहकाची ओळख पटत नाही, असं पडद्यावर उमटलं.

"मीच आहे हो मी!"

"ते मला दिसतंय. मशीनला दिसत नाहीये. तीनदा चुकलं तर खातं चोवीस तास बंद होतं, तेव्हा जरा जपून."

दारावरचा पहारेकरी पुढे आला. "बाई, मी ओळखतो यांना. आज सकाळीच यांनी माझ्या गळ्यावर वस्तरा धरला होता!"

रांगेतली एक आजी दचकून दोन पावलं मागे सरकली.

"दाढी करताना!" काकांनी घाईघाईने खुलासा केला. "ताई, अहो, या रांगेतले निम्मे लोक माझ्याकडे येतात. कोणालाही विचारा."

"ओळखीच्या माणसाने ओळख दिलेली चालत नाही, काका. संगनमत असू शकतं."

"मग अनोळखी माणसाने दिलेली?"

"त्याला काय माहीत तुम्ही कोण ते?"

काकांनी यावर विचार करून पाहिला, पण विचार जिथून निघाला तिथेच परत आला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मिशी नाही ना, म्हणून होतंय," नात हाताआडून म्हणाली. मग तिने आपली वेणी पुढे ओढली. "ही लावा."

दुसरं काही सुचत नव्हतं. काकांनी तिला कडेवर घेतलं, वेणी नाकाखाली आडवी धरली आणि जमेल तेवढा रुबाब चेहऱ्यावर आणला. यंत्राने बराच वेळ घेतला. मग लाल दिवा लागला: एका वेळी एकाच ग्राहकाने उभे राहावे.

"दोनदा झालं," बाई हळहळून म्हणाल्या.

आता नातीने आपल्या फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि काडेपेटी बाहेर काढली.

पहारेकऱ्याने पाकिटं चिकटवायची डिंकाची बाटली आणली. आजीने पर्समधला आरसा धरला. रांगेतून सूचनांचा पाऊस पडला. "डावीकडे घ्या!" "अहो, तुमचं डावं नव्हे, त्यांचं!" "उलटी लागलीय, टोकं खाली आलीत, दुःखी दिसताय!" मिशी सुलटी झाली आणि काका पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभे राहिले.

तेवढ्यात डिंकाचा वास नाकात गेला. काकांना शिंक येऊ लागली.

"आवरा!" बाई कुजबुजल्या. अख्ख्या बँकेने श्वास रोखला. काकांचे डोळे मोठे झाले, नाकपुड्या थरथरल्या. हिरवा दिवा लागला आणि त्याच क्षणी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी शिंक आली. मिशी उडाली ती थेट काउंटरच्या काचेवर जाऊन बसली. रांगेतून पाहिलं तर बाईंनाच मिशी आल्यासारखी दिसत होती.

नात खदखदून हसली. दोन्ही हातांनी पोट धरून हसली, म्हणजे तोंडावर हात उरलाच नाही. पडलेल्या दाताची खिडकी सगळ्या बँकेला दिसली, आणि तिच्याकडे पाहून कोणीही हसलं नाही. सगळे मिशीला हसत होते.

आवाज ऐकून मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. काळ्याभोर, दाट केसांचा भांग, त्यातला एकही केस जागचा हललेला नाही.

"हे काय चाललंय? चिकटवलेली मिशी? चेहऱ्यावर चिकटवलेलं काहीही चालणार नाही. व्यवहार रद्द करा!"

काकांची नजर त्या भांगावर गेली. दर दुसऱ्या रविवारी शटर अर्धं ओढून कोणाचा केसांचा टोप धुऊन, विंचरून द्यायचा, हे त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. आजही ते सांगणार नव्हते. गिऱ्हाईकाचं डोकं म्हणजे विश्वासाची ठेव. पण धंद्याची नजर गप्प बसेना. ते जवळ गेले आणि अगदी हळू म्हणाले, "साहेब, डाव्या कानामागे जरा सुटलाय. दाबून घ्या."

साहेबांचा हात झटकन कानामागे गेला.

"मशीनने होय म्हटलंय ना?" त्यांनी बाईंना विचारलं.

"हो सर. हिरवा लागला होता."

"मग मशीनच्या वर मी कोण?" साहेब घसा खाकरून म्हणाले. "द्या यांचे पैसे. मात्र काका, नवा फोटो मुख्य कार्यालयातून मंजूर व्हायला महिना लागेल. तोवर मिशी लावून येत जा."

तीनला चार मिनिटं कमी असताना काका हॉटेलात पोचले. समोरचा सलूनवाला खुर्चीत बसून बघत होता. त्याला काकांनी उठवलं.

चौथ्या दिवशी पुन्हा बँकेत जायची वेळ आली. नात शाळेतून येऊन लाल खुर्चीत बसली होती, दांडी दाबून दाबून पार वर गेलेली. काडेपेटी तिच्या मुठीत होती.

"बाळा, मिशी दे गं जरा."

"आधी टोकन घ्या," ती वरून म्हणाली.

काकांनी जमिनीवरचा कागदाचा कपटा उचलून दाखवला.

"आता तुम्ही माझेच आजोबा कशावरून?"

"अगं, घरात दुसरे आजोबा आहेत का!"

"ओळखीच्यांनी सांगितलेलं चालत नाही." तिने दप्तरातून एक चित्र काढलं. त्यात दोन माणसं हात धरून उभी होती. एकीच्या तोंडात खिडकी, दुसऱ्याच्या नाकाखाली काहीच नाही. तिने चित्राकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"जुळतंय," ती म्हणाली आणि काडेपेटी पुढे केली. "पण लवकर परत आणा हं. मिशी लावली की मला तुम्ही ओळखू येत नाही."