वचनदाता शोधून काढा!

"अंजूर ते कशेळी, माझ्या हातून सुटलेला एक गुन्हेगार दाखवा!" असं प्रितेश छाती काढून सांगायचा. दाखवणार कुठून? मुळात हाती एकही लागला नव्हता. पोटापाण्यासाठी तो गोदामावर वॉचमन होता, बाकीच्या वेळात डिटेक्टिव्ह. आणि त्याला रिक्षातून फुकट फिरवायचं कर्म त्याच्या मेव्हण्याच्या, म्हणजे मनोजच्या, कपाळी आलं होतं.

त्या संध्याकाळी अंजुरात हौसाकाकीच्या मृणालीची हळद अडली. मांडव सजला, डीजे आला, मटण शिजलं. पण लग्नाचे धवले गाणारी धवलारीण, कशेळीची गोदूआक्का, पोचलीच नाही. आक्का गायल्याशिवाय त्या घरात कुणाला हळद लागली नव्हती. मृणाली पाटावर बसून रडकुंडीला आली होती.

"साखरपुड्यात कोनीतरी बोललेला, आक्काला मी आनतो," हौसाकाकी कपाळ बडवत म्हणाली. "कोन, ते ध्यानात न्हाय. सगलेच वरडत व्हते."

"म्हणजे वचनदाता शोधायचाय," प्रितेश गंभीर झाला.

"काय दाता?"

"वचनदाता. शब्द देणारा. मोठ्या माणसांनाच लावतात हे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने न बघताच कापला. "तपासात डिस्टर्ब नको!"

केसरीनाथमामा डोळे पुसत होता. "पश्चात्ताप!" म्हणत प्रितेशने त्याचं मनगट धरलं. मनगटाच्या टोकाला अर्धा चिरलेला कांदा होता. मग त्याने डीजेवाल्याला घेरलं. हा एवढा मोठा आवाज लावतो तो दिलेला शब्द दाबायलाच! डीजेवाला साखरपुड्याला नव्हताच. पुन्हा फोन वाजला, पुन्हा कापला.

"लक्षणं ध्यानात ठेव, मनोज," प्रितेश म्हणाला. "छाती पुढे, तोंड मोठं, आणि दिलेला शब्द घरी जाईपर्यंत साफ विसरलेला."

मनोजने त्याला खालून वर न्याहाळलं. बहीण दिली होती, म्हणून नुसतं "ठेवली" म्हणाला.

फोन परत वाजला, तेव्हा हौसाकाकीने हिसकावून स्पीकरवर टाकला.

"आरं पितेश, मेल्या! सकालपासून नेसून ओट्यावर बसलेय. तूच बोललास ना, आक्का, मी न्यायला येतो? फोन कापतंस व्हय रं?"

अख्खा मांडव प्रितेशकडे बघू लागला.

"मला पहिल्यापासून आतल्याच माणसाचा संशय होता," प्रितेश म्हणाला.

मनोजने तोवर रिक्षाला किक मारली होती. कशेळीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत त्याने आक्काला आणलं. आक्काने पहिल्या धवल्यात देव घेतले, दुसऱ्यात नवरीचे आईबाप आणि तिसऱ्यात प्रितेशला घेतलं. तो बायकांनी जोर लावून म्हटला. मृणाली इतकी हसली, की गालावरची हळद हनुवटीला आली.

आता अंजुरात कुणी "आलोच" म्हणून गायब झाला, की घरची बाई पदर खोचत म्हणते, "गेला मेला वचनदाता!"