सव्वातीनचा राजा

कमळाकर नाटक लिहीत नसे, नाटक सुधारत असे! पनवेलच्या जत्रेसाठी त्यानं 'राणीचा विडा' लिहिलं आणि तेव्हापासून सुधारणा काही थांबेनात. घोळ नको म्हणून प्रतींना त्यानं आकडे दिले. शब्द बदलला तर पाव, प्रवेश बदलला तर अर्धा, आणि कुणी मेलं किंवा कुणाचं लग्न लागलं तर थेट पुढचा पुरा आकडा. "असली शिस्त मुंबईच्या नाटकवाल्यांकडेही नाही!" असं तो छाती काढून सांगे.

पण जत्रेचे पंच काशीराम पाटील वैतागले होते. "आता पुरा आकडा बदललात, तर पुढल्या साली नाटक मुंबईहून आणू. तुमी बसा घरी!"

आणि नेमकं जत्रेच्या तोंडावर कमळाकरला सुचलं, की विषारी विडा खाऊन राजा मेलाच पाहिजे! पण मरण म्हणजे पुरा आकडा. मग या पठ्ठ्यानं काय करावं? राजाला गुपचूप मारलं आणि सव्वातीनच्या जागी लिहिलं, 'पावणेचार'! प्रवेशच तर बदललाय, अशी स्वतःची समजूत घातली.

राजा होता मिठागरावरचा बळीराम. मीठ ओढता ओढता त्यानं सव्वातीन पाठ केलेलं. नवी प्रत बघून त्याचं डोकंच फिरलं.

"भाऊ, नियम तुमचाच. पावणेचारात मी कसा मरेन? चार लिवा, मरतो!"

"लिहिणार नाही!"

"मंग मी बी नाय मरणार!"

एकदा तोंडाला रंग लागला की मरेल, असं कमळाकरला वाटलं.

प्रयोगाला मांडव गच्च भरला. राजानं विडा खाल्ला. राणी झालेल्या शिवानं हंबरडा फोडून हातातल्या बांगड्या फोडल्या. राजा आपला मांडी घालून विडा चघळतोय!

"रडतेस कशाला? जिता हाय मी!"

"मग माझ्या बांगड्यांचं काय?" शिवा भांबावून म्हणाला. मांडव हसून लोळायला लागला.

"मर! मर रे!" कमळाकर विंगेतून दातओठ खात म्हणाला.

"आकडा सांगा आधी!" राजा गरजला.

"पावणेचार!"

"मंग नाय मरत!"

पुढच्या रांगेत काशीराम पाटील उठून उभे राहिले. आता पडदा टाकला तर नाटक गेलं, आणि आकडा कबूल केला तर पुढचं साल गेलं! शेवटी कमळाकर तरातरा रंगमंचावर आला आणि सगळ्या गावादेखत बोंबलला, "चार! पुरे चार! मर एकदाचा!"

राजा धाडकन कोसळला. टाळ्या, शिट्ट्या, वन्समोअर! बळीराम उठला, कमळाकर पुन्हा बोंबलला, बळीराम पुन्हा मेला.

सकाळी पाटलांनी निकाल दिला. "पुढल्या साली हेच नाटक. पण ते 'चार' ओरडणारं सोंग पायजेच. आन ते तुमीच करायचं."

"मी नाटककार आहे, सोंगाड्या नाही!" कमळाकर ताडकन म्हणाला, पाय आपटत घरी गेला आणि प्रतीवर नवा आकडा घातला: सव्वाचार. बदल 'चार!' या एका शब्दाचाच तर होता!